पहिल्या लॉटचा माल

परभणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. जिंतूरला दुकान लागले, पाटी चढली, हे वाचून फार समाधान वाटले. मात्र पत्राच्या शेवटी जी गोष्ट तू दोन ओळींत उरकली आहेस, तिच्याबद्दलच मला सविस्तर लिहावेसे वाटते. मोबाइलवरून चालणाऱ्या एका नव्या इन्व्हर्टर एसीचा पहिला लॉट कंपनीचा प्रतिनिधी तुला जास्त मार्जिनवर द्यायला तयार आहे, आणि माल यायच्या आधीच तीन गिऱ्हाइकांकडून तू आगाऊ रक्कम घेतली आहेस. नव्या मालावर मार्जिन जास्त का, हे तू त्याला विचारलेले दिसत नाही. पहिल्या लॉटमधल्या उणिवा गिऱ्हाइकाच्या घरात उघड होतात आणि त्याची बोलणी दुकानदाराला खावी लागतात. ती खाण्याचा मोबदला तुला आधीच देऊ केला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कंपनी मोठी आहे, तिने चाचण्या केल्याच असतील, असे तू म्हणशील. सॅमसंगही लहान कंपनी नव्हती. तिचा गॅलेक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये विक्रीस आला, काही फोन पेट घेऊ लागले आणि सप्टेंबरच्या आरंभीच सुमारे २५ लाख फोन परत मागवण्याची वेळ आली. बदलून दिलेल्या फोनमध्ये दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या होत्या. त्यांतल्याही काही पेटल्या, आणि ऑक्टोबरात तो फोन बनवणेच थांबले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणे सांगितली, ती तू नीट लक्षात घे. पहिल्या बॅटरीत कोपऱ्याशी पुरेशी जागा नसल्यामुळे आतला ऋण इलेक्ट्रोड वाकत होता. दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले होते आणि ते आतले आवरण भेदत होते. मला यातला दुसरा दोष अधिक बोलका वाटतो, कारण तो पहिल्याहून अगदी वेगळा होता आणि बदलीचा माल घाईने पुरवताना पुढे आला. म्हणून ‘पहिल्या लॉटची तक्रार दूर झाली आहे’ असे कोणी सांगितले, तरी लगेच ऑर्डर देऊ नकोस. एक उन्हाळा मध्ये जाऊ दे.

उन्हाळ्याचे म्हणतो ते मुद्दाम. एसीची क्षमता मोजताना बाहेरचे तापमान ३५ अंश धरतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ वर असतो. बाहेरची हवा जितकी तापते, तितकी यंत्राची गार करण्याची ताकद उतरते आणि वीज अधिक लागते, म्हणजे आपल्याला गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ते कमी पडते. त्यात आपला फुफाटा आणि जिनिंगच्या बाजूने उडणारे कापसाचे तंतू बाहेरच्या युनिटच्या जाळीत बसतात. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज किती खाली येते, आणि गेलेली वीज परत येताना कसा झटका देते, हे तुला मी सांगायला नको. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ हे वाक्य छापणाऱ्याने जिंतूरच्या खेड्यातली वीज पाहिलेली नसते.

२०१७ साली मी हीच चूक केली. एका कंपनीच्या अगदी नव्या मॉडेलचे सात एसी मी मार्चमध्ये विकले, आणि एप्रिल संपेपर्यंत त्यांतल्या चारांची कार्डे गेली. कार्ड म्हणजे पीसीबी, आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी. इन्व्हर्टर एसीचा सारा कारभार त्यावर चालतो आणि ते जळले की कॉम्प्रेसर कितीही चांगला असो, यंत्र म्हणजे भिंतीवरची पेटी. मॉडेल नवे असल्यामुळे कार्डे तेव्हाच्या औरंगाबादच्या सर्व्हिस सेंटरमध्येही नव्हती. त्या गिऱ्हाइकांपैकी गंगाखेडच्या एका निवृत्त गुरुजींची आई अंथरुणाला खिळलेली होती. शेवटी माझ्या घरचा लोखंडी कूलर टेम्पोत घालून, नव्या वाळ्याच्या ताट्या लावून, मीच तिथे नेऊन बसवला. त्या कूलरची मोटार जळली असती तर गल्लीतल्या कोणीही ती रिवाइंड करून दिली असती. गुरुजी मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

म्हणून प्रतिनिधीला तू कार्डाची वॉरंटी विचार. कॉम्प्रेसरची दहा वर्षे ठळक अक्षरांत असतात, कार्डाची किती ते बारीक अक्षरांत. कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची, हेही विचार. तांब्याची गळती आपला मेकॅनिक जागेवर डाग देऊन बंद करतो, ॲल्युमिनियमची सहसा कॉइलच बदलावी लागते. सुटे भाग संभाजीनगरला आज ठेवलेले आहेत की ‘येणार आहेत’, याचे उत्तर लेखी घे.

मोबाइलवरून चालवण्याच्या सोयीचेही पाहा. ती सोय पुष्कळदा कंपनीच्या सर्व्हरवर उभी असते. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये ह्युमेन कंपनीचे ‘एआय पिन’ नावाचे, छातीशी लावायचे उपकरण ६९९ डॉलरना विकायला आले आणि वर महिन्याला २४ डॉलरची वर्गणी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीचा बराचसा भाग एचपीने घेतला, त्याच महिनाअखेर सर्व्हर बंद झाले आणि लोकांच्या हातातली चांगली उपकरणे जवळजवळ निरुपयोगी ठरली. तुझ्या एसीबाबत एवढेच तपास, की इंटरनेट नसताना तो साध्या रिमोटवर पूर्णपणे चालतो ना.

नव्याला माझा विरोध आहे असे समजू नकोस. इन्व्हर्टर एसी खरोखर वीज वाचवतो आणि आज मी तोच विकतो. फक्त ज्या मॉडेलचे कार्ड माझ्या कपाटात शिल्लक आहे तेच विकतो. हा नियम धंद्याला थोडा महागही पडतो, कारण जाहिरात पाहून आलेले तरुण गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. जाऊ दे.

आता त्या तीन गिऱ्हाइकांचे. त्यांना बोलावून हे मॉडेल नवे आहे, आपल्याकडचा एकही उन्हाळा त्याने पाहिलेला नाही, असे स्पष्ट सांग आणि पैसे परत घ्यायचे की जुने मॉडेल घ्यायचे, हे त्यांना ठरवू दे. त्यातूनही कोणी नवेच हवे म्हणाले, तर स्टॅबिलायझरसह दे आणि बिलावर मॉडेल व सीरियल नंबर स्वच्छ लिही; उद्या त्याला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागले, तर तोच कागद त्याच्या कामी येईल. प्रतिनिधीने दिलेले वॉरंटी कार्ड घेऊन रविवारी इकडे ये. चष्मा नवा केला आहे, बारीक अक्षरे मी वाचतो.

तुझा,
काका