स्पितीच्या खोऱ्यात एकदाच जायचे असेल, तर कोणता ऋतू निवडावा?

आपण विचारले आहे की आयुष्यात एकदाच जाणे शक्य असेल, तर हिमाचल प्रदेशातील स्पिती नदीचे खोरे कोणत्या दिवसांत पाहावे. मी तेथे जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा तिन्ही महिन्यांत राहून आलो आहे, आणि माझे उत्तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे आहे. त्याचे कारण नदीच्या पाण्यात आहे.

हिमालयाच्या रांगा मोसमी वारे अडवत असल्यामुळे येथवर पाऊस फारसा पोहोचत नाही, त्यामुळे रानाच्या हिरवेपणावरून ऋतू ओळखण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. ऑगस्टमध्ये वाटाण्याची आणि जवाची शेते हिरवीगार असतात खरी, पण ती बर्फाचे पाणी आणणाऱ्या पाटांवर पोसलेली असतात. शेवटचा पाट संपला की पुढच्याच पावलावर उघडी, तपकिरी माती लागते.

उन्हाळ्यात नदी गाळाने राखाडी झालेली असते, आणि ओढ्यांचे पाणी दिवसभर सारखे राहत नाही. सकाळी जेमतेम घोटा बुडवणारा ओढा मी दुपारी चारच्या सुमारास गुडघ्यापर्यंत चढलेला पाहिला आहे, कारण उन्हाने वितळलेले बर्फ खाली पोहोचायला तेवढा वेळ लागतो. ओढे सकाळीच ओलांडावेत.

ऑक्टोबरमध्ये वितळणे मंदावते, गाळ कमी होतो आणि तेच पाणी निळसर हिरवे, नितळ होते. धनकरच्या मठाजवळून खाली पिन आणि स्पिती या नद्यांचा संगम दिसतो: गोट्यांच्या रुंद, पांढुरक्या पात्रात पाणी अनेक धारांनी फुटते, पुन्हा जुळते, पुन्हा फुटते. त्या कड्यावर मी अख्खी दुपार बसून होतो. २०११ च्या जनगणनेनुसार लाहौल-स्पिती जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे सरासरी २ माणसे राहतात, आणि ही विरळ वस्ती तेथून नजरेनेच कळते. नदीकाठी पिवळी पडलेली झाडे दिसली, की तेथे गाव आहे असे समजावे.

हिवाळा मी अनुभवलेला नाही. त्या काळात मनालीकडून येणाऱ्या वाटेवरची कुंझुम खिंड बर्फाने बंद असते आणि शेजारच्या किन्नौर जिल्ह्याकडचाच रस्ता उरतो. ऑक्टोबरमध्येही खिंडीत अचानक बर्फ पडू शकते, म्हणून किन्नौरमार्गेच जावे. त्या वाटेने उंची हळूहळू वाढते, आणि साडेतीन हजार मीटरहून उंचावरील काझा या स्पितीच्या मुख्य गावी पोहोचेपर्यंत शरीराला विरळ हवेची सवय होऊ लागते.