जलसंजीवनी देऊनही जुलाब थांबत का नाहीत?

पाऊस सुरू झाला की आमच्या बालरुग्ण विभागात हा प्रश्न रोज एकदा तरी कानावर पडतो. गेल्या जुलैत भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्तीतून आलेल्या एका आईने तो विचारला, तेव्हा तिचा चौदा महिन्यांचा मुलगा तिच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. आदल्या दिवसापासून त्याला आठ-नऊ पातळ जुलाब आणि तीन उलट्या झाल्या होत्या, डोळे खोल गेले होते आणि रडताना अश्रू येत नव्हते. दात येत असल्यामुळे पोट बिघडले असून पाणी दिले की ते तसेच बाहेर पडते, अशी सासूबाईंची खात्री असल्याने रात्रीपासून पाणी आणि अंगावरचे दूध दोन्ही बंद केले होते.

डॉक्टरांनी तपासून शोष पडल्याचे, म्हणजे अंगातले पाणी कमी झाल्याचे सांगितले. सलाईनची गरज नव्हती. वजन नऊ किलो, म्हणून किलोमागे ७५ मिलिलिटर या हिशेबाने चार तासांत सुमारे ६७५ मिलिलिटर जलसंजीवनीचे (ओआरएसचे) द्रावण पाजायचे ठरले आणि मायलेकांना माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसवले.

‘घरी कसे बनवता, ते करून दाखवा,’ असे मी म्हणाले. तिने एक लिटरची पुडी फाडली, अंदाजाने अर्धी भुकटी स्टीलच्या पेल्यात ओतली आणि उरलेली पुडी दुमडून तिला रबर लावले. इतक्या दाट द्रावणातून मुलाच्या अंगात नको तेवढे मीठ जाते. मोठी पुडी एक लिटरला आणि छोटी २०० मिलिलिटरला, पूर्ण पुडी एकाच वेळी, उकळून गार केलेल्या पाण्यात. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यायचे. दुकानातील गोड पेयाचा खोका हा त्याला पर्याय नव्हे, कारण जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात.

‘पण मॅडम, बाटली तोंडाला लावली की ओकतो.’ तहानलेले मूल घटाघटा पिणार आणि ओकणार, त्यात नवल नाही. बाटली बाजूला ठेवून मी तिच्या हाती चमचा दिला. दर दोन मिनिटांनी पाच मिलिलिटरचा एक चमचा दिला, तरी तासाला १५० मिलिलिटर होतात. मध्ये एकदा उलटी झाली. दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश, सुरुवात केली.

तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी बाकावरच दिले. जलसंजीवनी जुलाब थांबवण्यासाठी नसतेच. आतडे आजारी असतानाही साखर आणि मीठ जोडीने शोषले जाते, त्यांच्यामागून पाणी शरीरात येते, आणि तेवढ्या आधारावर बहुतेक मुलांचे जुलाब पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतात. सोबत झिंक, या वयाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. जुलाब ‘बांधणारी’ गोळी लहान मुलांना द्यायचीच नसते आणि साध्या पातळ जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही. हे मी सासूबाईंकडे पाहून सांगितले, कारण औषधाच्या दुकानात जाणार होत्या त्या. शौचातून रक्त पडले, मूल काहीच पिईना, उलटी थांबेना, सुस्ती वाढली किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर मात्र रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे.

तिसऱ्या तासाला मुलाने आईची साडी भिजवली. दुपारी डॉक्टरांनी पुन्हा तपासून घरी सोडले. दोन दिवसांनी ती दाखवायला आली तेव्हा जुलाब अजून चालूच होते, सकाळपासून दोन. तिने मात्र आधी लघवी किती वेळा झाली ते सांगितले.