वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे कृष्णवर्णीय सुपरहिरो

अमेरिकी सुपरहिरोपटांवरील गेल्या महिन्यातील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कृष्णवर्णीय नायकांविषयी आहेत. काहींत कुतूहल आहे, काहींत नाराजी आहे आणि एका पत्रात उघड राग आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : ‘ब्लॅक पँथर’ हा पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो होय, असे सर्वत्र वाचायला मिळते. ते खरे आहे का?

उत्तर : मोठ्या प्रकाशन संस्थांपुरते बोलायचे झाल्यास खरे आहे. ‘मार्व्हल’ या प्रकाशनाचे लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ या कॉमिक्सच्या जुलै १९६६च्या ५२व्या अंकात त्याला प्रथम आणले. मात्र ब्लॅक पँथर, म्हणजेच टी’चाला, हा वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा आहे. अमेरिकेत वाढलेला कृष्णवर्णीय नायक म्हणून ‘फाल्कन’ १९६९ मध्ये आला, आणि ज्याच्या स्वतःच्या नावाने अंक निघू लागले असा ल्यूक केज १९७२ मध्ये.

तथापि त्याच्याही आधीचा एक प्रयत्न विसरता कामा नये. १९४७ मध्ये फिलाडेल्फियातील ऑरिन इव्हान्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ हा अंक काढला. त्याचे लेखक आणि चित्रकार सगळे कृष्णवर्णीय होते, आणि त्यात ‘लायन मॅन’ नावाचा एक शास्त्रज्ञ नायक होता. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती. पण त्यासाठी कागद विकायला कोणी तयार होईना, आणि तो अंक निघालाच नाही. ‘पहिला कोण’ या प्रश्नाचे उत्तर देताना हा न निघालेला अंक मला नेहमी आठवतो, कारण कल्पना सुचणारे लोक होते, चित्रे काढणारे हात होते आणि अडले ते कागदापाशी.

त्या काळाची मनोवृत्ती समजून घ्यायची असेल, तर आणखी एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. १९५३ मध्ये ‘ईसी’ या प्रकाशनाने ‘जजमेंट डे’ नावाची एक छोटी विज्ञानकथा छापली. पृथ्वीवरचा एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. तेथील नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून हुबेहूब सारखे असतात, तरी निळ्यांची वस्ती वेगळी आणि कामे हलकी. हा ग्रह अजून इतरांच्या पंक्तीला बसण्याच्या योग्यतेचा झालेला नाही, असा निर्णय देऊन निरीक्षक परत निघतो. कथाभर शिरस्त्राणाआड असलेला त्याचा चेहरा शेवटच्या चौकटीत दिसतो. तो कृष्णवर्णीय माणसाचा असतो, आणि त्यावरचे घामाचे थेंब दूरच्या ताऱ्यांसारखे चमकत असतात. १९५६ मध्ये ही कथा पुन्हा छापायची वेळ आली, तेव्हा कॉमिक्सची तपासणी करणाऱ्या ‘कॉमिक्स कोड’च्या अधिकाऱ्याने हा अंतराळवीर कृष्णवर्णीय नको, असे बजावले. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ते साफ नाकारले, तेव्हा निदान ते घामाचे थेंब तरी काढा, अशी मागणी आली. गेन्स यांनी तीही धुडकावली आणि कथा जशीच्या तशी छापली; तो ईसीचा शेवटचा कॉमिक्स अंक ठरला. घाम हाडामांसाच्या माणसाला येतो, आणि तेवढे माणूसपणही त्या अधिकाऱ्याला खुपले.

प्रश्न : १९९८ मध्येच ‘ब्लेड’ येऊन गाजला होता. मग २०१८च्या ‘ब्लॅक पँथर’चे एवढे कोडकौतुक कशासाठी? ही निव्वळ जाहिरातबाजी नव्हे काय?

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, आणि त्यातला अर्धा भाग मला मान्यही आहे. पिशाच्चांचा शिकारी ‘ब्लेड’ साकारणाऱ्या वेस्ली स्नाइप्स यांना त्याचे श्रेय हवे तेवढे मिळाले नाही. मार्व्हल कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १३ कोटी डॉलर मिळवले आणि कॉमिक्समधील दुय्यम पात्रावरही यशस्वी चित्रपट निघू शकतो, हे ‘एक्स-मेन’ येण्याच्या दोन वर्षे आधी दाखवून दिले. त्याच्या आधी रॉबर्ट टाउनसेंड यांचा ‘मीटिअर मॅन’ १९९३ मध्ये आणि ‘स्पॉन’ व ‘स्टील’ १९९७ मध्ये आले होते. तेव्हा २०१८ मध्ये सारे शून्यातून सुरू झाले, असे म्हणणे या सर्वांवर अन्याय करणारे आहे.

तरीही फरक आहे, आणि माझ्या मते तो मूलभूत आहे. ब्लेड एकटा आहे. त्याला घर नाही, गल्ली नाही, त्याच्याशी वाद घालणारा भाऊबंद नाही. कितीही देखणा आणि शूर असला, तरी आपल्या माणसांपासून तोडलेला कृष्णवर्णीय नायक पडद्यावर पाहुण्यासारखाच वावरतो. ‘माइलस्टोन’ या प्रकाशनाच्या चार कृष्णवर्णीय संस्थापकांपैकी एक असलेले ड्वेन मॅकडफी हे दुखणे नेमके ओळखून होते. कथेत कृष्णवर्णीय पात्र एकच असले, की ते साधे पात्र राहत नाही, त्याच्यावर अवघ्या समाजाच्या प्रतिनिधित्वाचे ओझे येते, आणि मग त्याला चुकण्याचीही मुभा उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच १९९३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदोन नायक न आणता डकोटा नावाचे आख्खे शहरच उभे केले.

दिग्दर्शक रायन कूगलर यांच्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये हेच मोठ्या पडद्यावर घडले. तेथे कृष्णवर्णीय माणसे एकमेकांशी भांडतात, आणि ती भांडणे खरीखुरी आहेत. वाकांडाने आपली समृद्धी लपवून ठेवावी, गरजूंना मदत करावी की जगभरच्या पीडितांच्या हाती शस्त्रे द्यावीत, यावर टी’चाला, वाकांडाची हेर नकिया आणि किलमाँगर यांची मते तीन दिशांची आहेत. किलमाँगर खलनायक आहे, तरी लंडनच्या वस्तुसंग्रहालयात काचेमागच्या आफ्रिकी वस्तूंकडे पाहत तो जे विचारतो, त्याचे उत्तर तेथील अधिकारी बाईंपाशी नसते. त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचा मार्ग भीषण आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसात मावू शकल्या, कारण पडद्यावर त्याच्यासारखा तो एकटा नव्हता.

पडद्यामागेही तेच. टी’चाला कोणत्या ढंगाने इंग्रजी बोलेल, यावर ती भूमिका करणारे चॅडविक बोसमन अडून बसले होते : ज्या देशावर कधी परकीय सत्ता आली नाही, त्याचा राजा ब्रिटिश उच्चारांत का बोलेल? वाकांडाची भाषा म्हणून खोसा ही दक्षिण आफ्रिकेतील खरी भाषा घेतली गेली, ती टी’चालाच्या वडिलांची भूमिका करणारे दक्षिण आफ्रिकी अभिनेते जॉन कानी यांच्यामुळे. राणी रमोंडाचा गोल, उंच मुकुट झुलू विवाहित स्त्रियांच्या पारंपरिक टोपीवर बेतलेला आहे, तर सीमेवरच्या जमातीच्या खांद्यांवर लेसोथोतील बासोथो लोकांची कांबळी आहेत. या वेशभूषेसाठी रूथ कार्टर यांना आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळाले. त्या त्या विभागात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. कृष्णवर्णीय नायकाचा चित्रपट अमेरिकेबाहेर चालत नाही, ही हॉलिवूडची जुनी सबब होती. या चित्रपटाने अमेरिकेत ७० कोटी डॉलर मिळवले आणि बाहेर ६४ कोटींहून अधिक. त्यानंतर ती सबब पुढे करणाऱ्याला आधी या आकड्यांना उत्तर द्यावे लागते.

प्रश्न : बोसमन यांच्या निधनानंतर टी’चालाची भूमिका दुसऱ्या अभिनेत्याला द्यायला हवी होती का?

उत्तर : ऑगस्ट २०२० मध्ये बोसमन गेले, आणि २०२२च्या ‘वाकांडा फॉरेव्हर’मध्ये टी’चालाचाही मृत्यू दाखवून वारसा त्याची बहीण शुरी हिच्याकडे देण्यात आला. दुसरा अभिनेता घ्या, अशी मागणी अनेक चाहत्यांनी केली होती आणि ती निष्ठुरपणाची नव्हती : गोऱ्या सुपरहिरोंचे अभिनेते बदलत राहतात, मग आमच्याच राजाला का मरू द्यायचे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटते. तरीही चित्रपट करणारी माणसे स्वतः शोकात होती आणि त्यांनी तो शोक कॅमेऱ्यापुढे आणला, याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

प्रश्न : दूरचित्रवाणीवर या विषयाला चित्रपटांपेक्षा अधिक न्याय मिळाला, असे आपण लेखात ओझरते म्हटले होते. कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : मालिकेला वेळ असतो, आणि शेजार दाखवायला वेळच लागतो. २०१६च्या ‘ल्यूक केज’ मालिकेचे उदाहरण घ्या. मूळचा ल्यूक केज हा सत्तरच्या दशकातील लोकप्रिय मारधाडपटांच्या साच्यातून निघालेला. पैसे घेऊन कामगिरी करणारा नायक. मालिकेचे कर्ते चिओ होडारी कोकर यांनी त्याला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, केशकर्तनालयात झाडू मारताना आणून उभे केले. त्याच्या कातडीतून गोळी आरपार जात नाही आणि तो टोपीचा साधा सदरा, म्हणजे हुडी घालतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा गोळीला बळी पडला तेव्हा त्याच्या अंगात हुडी होती. त्यामुळे गोळ्यांनी चाळण झालेल्या हुडीत ताठ उभा असलेला माणूस पाहताना अमेरिकी प्रेक्षकाला काय आठवत असेल, हे वेगळे सांगायला नको. पोलीस केजच्या मागे लागतात, तेव्हा हार्लेममधली साधी माणसे स्वतःच भोके पडलेल्या हुड्या घालून रस्त्यांवर फिरू लागतात. नायकाला शहराने वाचवण्याचे इतके सुंदर दृश्य मी या प्रकारात दुसरे पाहिलेले नाही.

‘ब्लॅक लाइटनिंग’ (२०१८ ते २०२१) या मालिकेचा नायक तर शाळेचा मुख्याध्यापक आणि दोन मुलींचा बाप आहे.

२०१९ची ‘वॉचमेन’ ही मालिका याहून खोल जाते. तिची सुरुवातच ओक्लाहोमातील टल्सा येथे १९२१ मध्ये झालेल्या हत्याकांडाने होते, ज्यात ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली गेली. मूळ कॉमिक्समध्ये ‘हूडेड जस्टिस’ हा मुखवटाधारी नायक गळ्यात फासाचा दोर घालून वावरतो. तो कोण आणि दोर कशासाठी, याचा पक्का उलगडा तेथे होत नाही. मालिकेच्या सहाव्या भागात तो होतो. टल्सातून वाचलेला मुलगा मोठा होऊन न्यूयॉर्कमध्ये पोलीस होतो, त्याचेच गोरे सहकारी त्याला झाडाला टांगतात आणि जीव जाण्याआधी खाली उतरवतात. गळ्यात तोच दोर आणि टांगताना त्याच्या डोक्यावर घातलेली पिशवी हातात घेऊन तो घराकडे निघतो, वाटेत लुटारूंच्या तावडीतील एका जोडप्याला वाचवतो, आणि त्या रात्री पहिला मुखवटाधारी जन्माला येतो. पुढे मुखवट्याच्या भोकांतून कातडी दिसू नये म्हणून तो डोळ्यांभोवती पांढरा रंग लावतो. लोकांना तारणारा हा माणूस कोण आहे, हे लोकांना कळले तर ते त्याला नायक मानणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.

२०२१च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’मधील एक साधा प्रसंगही तितकाच बोलका आहे. सॅम विल्सन, म्हणजेच फाल्कन, जग वाचवून आलेला आहे. बहिणीला घेऊन तो कर्ज मागायला बँकेत जातो. तेथील कर्मचारी त्याला ओळखतो, हरखून जातो, त्याच्याबरोबर छायाचित्र काढू पाहतो आणि कर्ज नाकारतो. याच मालिकेत आयझाया ब्रॅडली हा वृद्ध सैनिक भेटतो. शक्तिवर्धक द्रव्याचे प्रयोग ज्यांच्यावर न विचारता झाले अशा कृष्णवर्णीय सैनिकांपैकी तो एक. हे पात्र २००३च्या एका कॉमिक्समधून आले असून त्यामागे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील खरा इतिहास आहे : १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरील उपचारांपासून सरकारी यंत्रणेनेच वंचित ठेवले होते. कॅप्टन अमेरिका या गोऱ्या नायकाची ढाल कोणताही स्वाभिमानी कृष्णवर्णीय माणूस हाती घेणार नाही, असे आयझाया सॅमला बजावतो. सॅम ती घेतोच. पण मालिका आयझायाला चूक ठरवत नाही, हा तिचा मोठेपणा आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. ‘मूळ स्पायडरमॅन गोरा होता, मग याला काळा का केला?’ असे तो विचारतो. त्याला काय सांगावे, आणि काय दाखवावे?

उत्तर : त्याला प्रथम हे सांगा, की कोणालाही काळा केलेला नाही. मूळ स्पायडरमॅन असलेला पीटर पार्कर पीटरच आहे. माइल्स मोरालेस हा २०११ मध्ये कॉमिक्समध्ये आलेला निराळा मुलगा आहे; त्याचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकी आहेत आणि आई पोर्तो रिकोची. जुन्या पात्राचा केवळ वर्ण बदलण्याची उदाहरणेही आहेत. १९६३ पासून गोरा असलेला गुप्तहेर निक फ्युरी २००२च्या कॉमिक्समध्ये सॅम्युएल जॅक्सन यांच्या चेहऱ्याचा झाला आणि २००८ पासून पडद्यावर तेच ती भूमिका करत आहेत. ते त्यात शोभतात. परंतु त्या बदलातून त्या माणसाच्या घरादाराविषयी आपल्याला फारसे काही कळले नाही.

बारा वर्षांच्या मुलाला ‘वॉचमेन’ मुळीच दाखवू नका. ती प्रौढांसाठी आहे. ‘स्टॅटिक शॉक’ (२००० ते २००४) ही माइलस्टोनच्या नायकावरची अ‍ॅनिमेशन मालिका मिळाली तर अवश्य दाखवा. तिचा नायक शाळकरी मुलगा आहे. आणि २०१८चा ‘स्पायडर-मॅन : इंटू द स्पायडर-व्हर्स’ त्याच्याबरोबर बसून पाहा. त्याच्या तीन दिग्दर्शकांपैकी पीटर रॅमसे हे सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक. चित्रपटाच्या उत्तरार्धात माइल्स पीटरच्या मे काकूंच्या तळघरातून पीटरचा पोशाख घेतो आणि आपल्या रंगाच्या डब्याने तो काळा करून त्यावर लाल कोळी फवारतो. लाल रंगाचे ओघळ खाली आलेले असतात, आणि तो ते पुसत नाही. तेथे चित्रपट क्षणभर थांबवा आणि मुलालाच विचारा, त्याने दुसऱ्याचा पोशाख जसाच्या तसा का घातला नसेल?