उरलेल्या डब्यांचे काय करायचे?

आमच्या बालरोग विभागातील आहार-समुपदेशन कक्षात एक प्रश्न वारंवार येतो आणि तो बहुधा निघता निघता, दाराशी थांबून विचारला जातो. डॉक्टरांनी बाळासाठी लिहून दिलेली खास पावडर आता बंद झाली आहे, घरात डबे उरले आहेत, त्यांचे काय करायचे? विचारणाऱ्याला तो क्षुल्लक वाटत असतो, म्हणून आवाजात संकोच असतो. चिंचवडहून आलेल्या एका आईने मात्र तो दाराशी विचारला नाही. त्यांनी कापडी पिशवीतून चार डबे काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या मुलाला तिसऱ्या महिन्यात शीतून रक्ताचे धागे पडू लागले होते. गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान झाले. आईचे दूध पुरत नव्हते, म्हणून वरच्या दुधासाठी डॉक्टरांनी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली पावडर लिहून दिली. ही पावडर साध्या पावडरीपेक्षा कितीतरी महाग असते आणि प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. एकदा आठवडाभर ती कुठेच मिळाली नाही, तेव्हा धास्तावलेल्या वडिलांनी पुढच्या खेपेस सहा डबे एकदम आणून ठेवले. दहाव्या महिन्यात रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बाळाला दूध थोडेथोडे देऊन पाहिले. काहीही त्रास झाला नाही आणि पावडर थांबली. टेबलावरच्या चारपैकी तीन डबे सीलबंद होते. चौथा अठरा दिवसांपूर्वी उघडलेला, झाकणावर रबर लावलेला.

"आई म्हणतात, अन्न टाकायचे नाही," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी उघड्या डब्यातील थोडी पावडर घेऊन तिची बर्फीही करून पाहिली होती. ती इतकी कडवट झाली की घरात कोणी दुसरा तुकडा घेतला नाही. (मोठ्या माणसांना त्याने अपाय झाला नसता, पण प्रथिने अशी तोडली की चव आणि वास दोन्ही बिघडतात, त्याला सासूबाईंचा हात जबाबदार नव्हता.) खरा पेच वेगळाच होता. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका बाईंनी "दुधाच्या अ‍ॅलर्जीची पावडर कोणाकडे आहे का?" असे विचारले होते, आणि या ताईंनी "आहे, घेऊन जा" असे कळवूनही टाकले होते.

मी त्यांना एवढेच सुचवले की त्या बाळाच्या चिठ्ठीवर नेमके काय लिहिले आहे ते आधी विचारा. त्यांनी माझ्यासमोरच संदेश पाठवला आणि चिठ्ठीचा फोटो आला. त्या बाळाला प्रथिनांचे तुकडे केलेली पावडरही सोसली नव्हती. त्याच्यासाठी डॉक्टरांनी केवळ अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांच्या मूळ घटकांपासून बनवलेली, त्याहूनही वेगळी पावडर लिहिली होती. टेबलावरचा डबा त्या घरी गेला असता तर त्या बाळाचा त्रास पुन्हा सुरू झाला असता, आणि तोही मदत म्हणून दिलेल्या डब्यामुळे. दोन्ही डब्यांवर "वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे" अशा अर्थाची सूचना असते, पण "अ‍ॅलर्जीची पावडर" या एकाच बोलीतल्या नावाखाली दोन्ही खपून जातात. काही चयापचयाच्या आजारांसाठी तर एखादे आवश्यक अमिनो आम्ल मुद्दाम वगळलेली पावडर असते. फेनिलकीटोन्युरिया या अशाच एका आजाराच्या बाळाला तीच तारते आणि निरोगी बाळाला एकटी तीच दिली तर ते कुपोषित होईल. म्हणून या डब्यांकडे दूध म्हणून पाहू नये, औषधाच्या उरलेल्या गोळ्यांकडे पाहतो तसे पाहावे, असे मी सांगते.

कायद्याचा मुद्दाही मी त्यांना सांगितला. बालदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांचे नियमन करणारा कायदा आपल्याकडे 1992 मध्ये झाला आणि 2003 मध्ये त्यात सुधारणा झाली. आरोग्यव्यवस्थेसाठीच्या तरतुदी सोडल्या तर, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचे असे दुग्धपर्याय कोणी कोणाला दान करू नयेत किंवा वाटू नयेत, असे त्याचे पाचवे कलम सांगते. अनाथालयाचा मात्र त्यात अपवाद आहे. रोख अर्थातच फुकट नमुने वाटणाऱ्या कंपन्यांवर आहे आणि शेजारणीला डबा दिला म्हणून कोणी पोलीस दारात उभे करत नाही. तरीही त्यामागचा विचार मला पटतो, कारण फुकट हाती आलेला डबा आईला स्तनपानापासून किती सहज दूर नेतो हे मी या खुर्चीतून पाहिले आहे.

मग करायचे काय? तीन सीलबंद डब्यांची मुदत आम्ही तपासली. दोघांना अजून सात महिने होते, एकाला तीन. पहिला मार्ग दुकानाचा: बिल जपलेले असेल, सील शाबूत असेल, तर ओळखीचे औषधविक्रेते डबा परत घेतात किंवा त्याबदली दुसरे काही देतात. ते बांधील नसतात आणि डबा घरात उन्हात राहिला होता की कसे हे त्यांना कळायला मार्ग नसतो, त्यामुळे नकार आला तर वाईट वाटून घेऊ नये. दुसरा मार्ग शिशुगृहाचा, म्हणजे अनाथ बाळे सांभाळणाऱ्या संस्थेचा, पण डबे उचलून थेट जायचे नाही. आधी फोन करून तेथील परिचारिकेला पावडरीचे पूर्ण नाव आणि मुदत सांगायची. त्या प्रकारची गरज असलेले बाळ तेथे असेल आणि त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला तरच न्यायचे. "मग मातृदुग्धपेढीला देऊ का?" असे त्यांनी विचारले, आणि हा गैरसमज मी अनेकांकडून ऐकते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती मातांनी दिलेल्या दुधासाठी. पावडरीचा तेथे उपयोग नाही.

उघडलेल्या डब्याचा निकाल सोपा होता. अशी पावडर उघडल्यावर साधारण महिनाभरातच वापरायची असते, लेबलवर मुदत दिलेली असते. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्यांच्याच बाळाच्या नाचणीच्या सत्त्वात, सत्त्व शिजून खाली उतरवल्यावर, ती थोडी मिसळता येईल, असे मी सुचवले. बाळाने नाक मुरडले तर पावडर कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकायची. बेसिनमध्ये ओतली तर तिचा लगदा होऊन नळी तुंबते. डब्यावरचे लेबल फाडून मगच तो भंगारात द्यायचा, म्हणजे कोणी त्यात भलतेच भरून विकणार नाही. आतला चमचाही सोबत टाकायचा, कारण प्रत्येक पावडरीचे माप वेगळे असते आणि स्वयंपाकघरात राहिलेला चमचा कधी ना कधी चुकीच्या डब्यात जातो.

हे सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी तीन महिने मुदतीचा डबा हळूच आपल्याकडे ओढला. "हा एक राहू दे का? पुन्हा रक्त दिसलं तर?" महागड्या पावडरीच्या पैशांपेक्षा हीच भीती त्यांना चार डब्यांसह माझ्यापर्यंत घेऊन आली होती, हे मला तेव्हा कळले. मी नाही म्हटले नाही. फक्त अट घातली की रक्त दिसले तर आधी डॉक्टरांना फोन करायचा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

पंधरा दिवसांनी त्या आपल्या बाळाचे वजन करायला आल्या. दोन डबे दुकानदाराने परत घेतले होते, बर्फीचा विषय सासूबाईंनी हसून मिटवला होता. सोसायटीतल्या त्या बाईंना त्यांनी पावडरीऐवजी, ती हमखास मिळते त्या दुकानाचा पत्ता दिला होता. तिसरा डबा फ्रीजच्या वर होता, आणि त्यावर काळ्या मार्करने मुदतीची तारीख व खाली डॉक्टरांचा फोन क्रमांक लिहून ठेवला होता.