शेल गॅसच्या अंदाजात सरासरी कुठे फसवते

अमेरिकेतील टेक्सासच्या बार्नेट शेल क्षेत्रातील (शेल म्हणजे वायू धरून ठेवणारा, पातळ थरांचा चिखलखडक) चाळीस विहिरींच्या पहिल्या अठरा महिन्यांच्या उत्पादनावर घटवक्र (काळानुसार उत्पादन कसे कमी होते ते दाखवणारा वक्र) बसवून, त्यांची सरासरी दामोदर खोऱ्यातील शेलला लावता येईल काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वक्र ठेवावेत, सरासरी सोडावी.

अठरा महिन्यांत वायू बहुधा खडक फोडून केलेल्या भेगांलगतच्या खडकातूनच येत असतो. त्यामुळे आर्प्स यांच्या उत्पादनघटीच्या १९४५ च्या सूत्रातील घातांक (घट किती मंदावत जाते ते सांगणारा आकडा) १ पेक्षा मोठा निघतो, आणि तोच वक्र पुढे ओढत नेला तर एकूण उत्पादनाला मर्यादाच उरत नाही. म्हणून घट ठरावीक वार्षिक दरावर आली की तेथून पुढे घातांकी घट, म्हणजे दरवर्षी त्याच टक्क्याने होणारी घट, धरतात. हा दर गृहीत धरलेला असतो. तो बदलून उत्तर किती हलते, हे अवश्य पाहावे.

आता सरासरीबद्दल. समजा, नऊ विहिरींनी प्रत्येकी १ एकक दिले आणि दहावीने ११. सरासरी २ आली, पण दहापैकी नऊ विहिरी तिच्या निम्म्यावरच आहेत. शेलमधील उत्पादनाचे वितरण असेच उजवीकडे लांबलेले असते, म्हणून लॉगनॉर्मल वितरण (ज्यात आकड्यांचे लॉगरिदम घंटेच्या आकारात पसरतात) बसवून पी-९०, पी-५० आणि पी-१० मांडावेत. (तेल उद्योगात पी-९० म्हणजे निदान तेवढे मिळण्याची शक्यता ९० टक्के, संख्याशास्त्राच्या वर्गातून आलेले विद्यार्थी येथे हमखास उलटे वाचतात.)

त्याहून मोठी अडचण नमुन्याची आहे. नागपूरजवळ उमरेडकडे कोळशाच्या बोअरहोलच्या नोंदी ठेवताना मी पाहिले आहे की, शेजारशेजारच्या दोन छिद्रांतील थराची जाडी बहुधा जुळते, आणि मध्ये प्रस्तरभंग (खडकाचे थर तुटून सरकलेली जागा) आला की अचानक काहीच जुळत नाही. चाळीस विहिरी एकाच चांगल्या पट्ट्यात असतील, तर त्यांत चाळीस स्वतंत्र निरीक्षणांइतकी माहिती नसते. त्यामुळे मॉडेल तपासताना सुट्या विहिरी नव्हे, तर जवळजवळच्या विहिरींचा संपूर्ण ब्लॉक बाजूला ठेवावा.

राहिला दामोदरचा प्रश्न. दुर्गापूरजवळच्या इच्छापूर येथे ओएनजीसीला २०११ मध्ये बॅरन मेझर्स नावाच्या शेल थरात वायू मिळाला, हे खरे. परंतु तो शेल आपल्या उमरेड-कामठीच्या कोळसा-थरांसारखाच गोंडवाना काळातील, नदी-सरोवरांत साचलेला गाळ आहे, तर बार्नेट समुद्रातला. सेंद्रिय द्रव्याचा प्रकारच वेगळा असल्याने बार्नेटमधून वक्राचा आकार फार तर घेता येईल. सुरुवातीचा प्रवाहदर मात्र दामोदरमधील छिद्रांतून काढलेल्या गाभ्याच्या नमुन्यांवरून आणि विहीर-चाचणीवरूनच ठरवावा.