पहिला खंड सोडू नकोस

तुझा मेसेज मिळाला. ‘सेरेबस’ या कॅनडातल्या कॉमिकचा पहिला खंड सोडून थेट दुसऱ्या, ‘हाय सोसायटी’पासून सुरुवात केली तर चालेल का, सगळे तसंच सांगतात, असं विचारलंयस. आणि खाली, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं, की कॉलेजात काढलेल्या तुझ्या कॉमिकच्या उरलेल्या प्रती रद्दीत घालतेयस, एका पानावरचा हात वाकडा आलाय, आता बघवत नाहीत म्हणून. तुला हे दोन वेगळे विषय वाटले. मला नाही वाटले.

नाही चालणार. पहिल्यापासून वाच.

सगळे सांगतात हे खरं आहे. खुद्द ‘सेरेबस’ काढणाऱ्या डेव्ह सिमनं टेलिफोन डिरेक्टरीएवढे जाड खंड काढायला घेतले तेव्हा १९८६ मध्ये आधी २६ ते ५० हे अंक, म्हणजे ‘हाय सोसायटी’च, आणले, पहिल्या २५ अंकांचा खंड वर्षभरानं. बरं मग? त्याला पुस्तकं विकायची होती. तुला काढायला शिकायचंय.

डिसेंबर १९७७. कॅनडातलं किचनर शहर, पोरगा, म्हणजे सिम, २१ वर्षांचा. काढणारा तोच, आणि प्रकाशक तेही घरचेच, तो आणि त्याची मैत्रीण, पुढे बायको झालेली डेनी लूबर्ट. नावाची गंमत तुला माहीत आहे का? ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं, सर्बेरसचं, नाव एका हौशी मासिकाला द्यायचं होतं, तर स्पेलिंगच चुकलं. सिम म्हणाला, असू दे, हे आपल्या चित्रातल्या प्राण्याचं नाव. तो प्राणी म्हणजे आर्डवार्क, वाळवी खाणारा, लांब नाकाचा. पुढे त्या चुकलेल्या नावावर मार्च २००४ पर्यंत ३०० अंक उभे राहिले. आणि तू एका वाकड्या हाताच्या चित्रापायी प्रती रद्दीत घालतेस!

पहिला अंक उघड. बॅरी विंडसर-स्मिथनं काढलेल्या ‘कोनन’ कॉमिकची उघड उघड नक्कल आहे. प्राण्याचं नाक सोंडेसारखं लोंबतंय. आता पंचविसावा अंक शेजारी ठेव आणि नाक बघ, फक्त नाक. आखडलंय, गोल झालंय, आणि त्या चेहऱ्याला आता राग येतो, कंटाळा येतो. हे कुठल्या पानावर झालं ते शोध. सापडणार नाही, कारण एका पानावर झालेलंच नाही. म्हणून म्हणतो, पहिल्यापासून वाच. पार्श्वभूमी काढायला गेरहार्ड आला तो ६५व्या अंकात. तोवर प्रत्येक वीट सिमच्याच हातची आहे, चुकलेलीसुद्धा.

चौदाव्या अंकात लॉर्ड ज्युलियस येतो. जुन्या हॉलिवूडमधल्या विनोदी नटाची, ग्राउचो मार्क्सची निव्वळ नक्कल, हशा मिळवायला आणलेली. ‘हाय सोसायटी’त तोच माणूस राजकारणातला मुरलेला खेळाडू दिसतो. तिथूनच वाचलंस तर तुला तयार पुढारी भेटेल, विदूषकाचा पुढारी कसा झाला ते कळणारच नाही. (स्त्रियांबद्दल सिमनं पुढे जे लिहिलं, ते वाचून मी पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. तूही फेकशील. ते १८६व्या अंकात आहे, आत्ता त्याचं नको.)

आम्हीही काढले होते तीन अंक, १९८४ मध्ये, सायक्लोस्टाइलवर, मेणकागदाच्या स्टेन्सिलवर कोरून छापायच्या त्या जुन्या यंत्रावर. स्टेन्सिलवर रेघ जरा जोरात ओढली की कागद फाटायचा आणि छापताना तिथे शाईचा डाग पडायचा. एका पात्राच्या गालावर असा डाग पडला, तो आम्ही पुढच्या अंकात तीळ म्हणून ठेवला. साठ प्रती. दिवाळी अंकाच्या एका संपादकांना दाखवल्या, ते म्हणाले, पोरकट आहे. त्याच आठवड्यात सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. किलोला काय मिळालं तेही आठवत नाही. पुढे सिमच्या पहिल्या अंकाच्या नकली प्रती छापून विकल्या गेल्या, इतकी त्याला मागणी होती. आमचा कोण छापणार म्हणा! पण मला स्वतःला बघायलासुद्धा एक उरला नाही.

मग जाहिरातीची नोकरी धरली. उगाच नाही धरली. धाकटीचं लग्न होतं, वडिलांची पेन्शन तुटपुंजी. एकतीस वर्षं साबणाच्या खोक्यांवर अक्षरं काढली आणि ती वाईट नव्हती, दुकानात गेलीस तर आजही एखादं दिसेल. लोक म्हणतात चित्रकला सोडली. सोडली कुठे? पण तो तीळवाला चेहरा परत काढायला बसलो की जमत नाही, इतका हात सुधारलाय.

असो. पहिला खंड उद्या पार्सलनं पाठवतोय. वरवर चाळू नकोस, पंचवीसच्या पंचवीस अंक वाच. कंटाळा आला तरी वाच, पहिल्या तीन-चार अंकांत येईलच. विसाव्या अंकाशी थांब. त्याची पानं सुटी करून शेजारी शेजारी लावली की सगळ्यांची मिळून सेरेबसची एकच मोठी आकृती होते. त्याआधी पावणेतीन वर्षं जो नाक धड काढत नव्हता, त्याचं हे काम. मी झेरॉक्स काढून हॉलभर मांडली होती, ही दोन दिवस त्यावरून पाय उचलून चालत होती. झेरॉक्स पुस्तकातच ठेवल्यात. क्रम मोडलाय, तो तूच लाव.

आणि रद्दीवाला रविवारी येतो म्हणालीस. त्याच्याआधी तुझ्या दोन प्रती मला पाठव. वाकड्या हाताचं पान असलेल्या.