सांडपाण्याचा गाळ शेतात : झाडे लावून तो कितपत शुद्ध होतो?

प्रश्न : शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला वाळलेला गाळ ट्रॉलीभर फुकट मिळतो. त्यावर मोहरी किंवा वाळा लावला की विष निघते असे कळले. एक हंगाम तसे करून पुढे भाजीपाला घ्यावा का?

उत्तर : नाही. दुर्गंधी आणि ओल काही महिन्यांत जाते, पण कॅडमियम, शिसे, निकेल हे जड धातू कुजतही नाहीत आणि उडूनही जात नाहीत. मोहरी त्यातले थोडे पानाखोडांत ओढते, एवढेच.

हिशेबच करून पाहा. एक एकरातील वरच्या १५ सें.मी. मातीचे वजन साधारण साडेआठ लाख किलो. त्यातले कॅडमियम किलोमागे १ मि.ग्रॅ. कमी करायचे, तर ८५० ग्रॅम कॅडमियम बाहेर काढावे लागेल. एकरी ३ टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात किलोमागे १० मि.ग्रॅ. कॅडमियम धरले, तर एका पिकात गेले ३० ग्रॅम. म्हणजे अठ्ठावीस पिके! शिसे तर मुळांपलीकडे फारसे चढतच नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत धातू घट्ट धरलेले असतात, त्यामुळे तिथे उचल आणखी कमी होते.

म्हणून गाळ शेतात टाकण्याआधी तपासा. नेहमीच्या मृद आरोग्य पत्रिकेत जस्त आणि तांबे येते, तेही पिकाला उपलब्ध असलेले. कॅडमियम-शिसे येत नाही. प्रयोगशाळेत ‘एकूण जड धातू’ असे स्पष्ट लिहून द्या. ढिगाच्या दहा-बारा ठिकाणचा गाळ प्लॅस्टिकच्या खुरप्याने घ्या (गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे जस्त नमुन्यात उतरते), एकत्र कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असे करत अर्धा किलो उरवा. खत नियंत्रण आदेश १९८५ मधील शहरी कंपोस्टच्या कमाल मर्यादा किलोमागे मि.ग्रॅ.मध्ये अशा : कॅडमियम ५, शिसे १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, तांबे ३००, जस्त १०००, आर्सेनिक १०, पारा ०.१५. एकही आकडा ओलांडला तर तो गाळ शेतात नको. ज्या शहराच्या गटारात प्लेटिंग किंवा चर्मोद्योगाचे पाणी मिसळते, तिथे तर तपासल्याशिवाय हातच लावू नये.

प्रश्न : केंद्राच्या आवारातच वाफे करून झाडे लावायची असतील तर?

उत्तर : ती योग्य जागा. तळाला जाड प्लॅस्टिक कागद, एका बाजूला उतार, पाझर साठवायला खड्डा. तो पाझर परत केंद्रात सोडा. ताज्या गाळात अमोनिया आणि क्षार इतके असतात की बी करपते. दोन-तीन महिने उघड्यावर मुरवून, अधूनमधून उलथून, मग निम्मी माती मिसळा. आधी कुंडीत मोहरीचे २० दाणे टाका. पंधरापेक्षा कमी उगवले तर गाळ अजून कच्चा आहे.

मोहरी ऑक्टोबरअखेर ओळीत ३० सें.मी. अंतराने पेरावी, एकरी २ किलो बी. शेंगा धरू लागताच मुळासकट उपटा. पाने गळेपर्यंत थांबलात तर ओढलेला धातू पुन्हा गाळातच पडतो, आणि बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो. वाळ्याचे काम वेगळे आहे. तो धातू मुख्यतः मुळांत अडवतो आणि गाळ वाहून जाऊ देत नाही, म्हणून बांधाच्या कडेने १५ सें.मी.वर त्याचे ठोंब लावा. उचल वाढावी म्हणून कोणी ईडीटीए (मातीतला धातू सुटा करणारे रसायन) टाकायला सांगेल. टाकू नका, सुटलेला धातू झाडात जाण्याआधी विहिरीच्या पाण्यात उतरतो.

प्रश्न : उपटलेला पाला जनावरांना चालेल?

उत्तर : नाही. चारा, कंपोस्ट, चुलीचे सरपण, काहीही नको. सावलीत वाळवून गोणीत भरा, वजन नोंदवा आणि विल्हेवाटीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला विचारा. ही सोय आधी ठरलेली नसेल तर पेरूच नये.

प्रश्न : गाळ गेल्या वर्षीच शेतात टाकला आहे, आता?

उत्तर : पालक, मेथी, चाकवत थांबवा, पालेभाज्यांच्या पानांत कॅडमियम दाण्यापेक्षा जास्त साठते. मुळा-गाजरही नको, कारण गाळातील जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त तग धरतात. गंधक किंवा आम्लधर्मी खते देऊ नका, मातीचा सामू (पीएच) ६.५ च्या वरच ठेवा. माती परीक्षणाचा अहवाल येईपर्यंत झेंडू, निशिगंध किंवा बांबू घ्या.